गाडीच्या चाकांचे कुलूप



कुलूप म्हटले की आपल्याला घराचे किंवा धान्याच्या कोठीचे कुलूप आठवते. पण गाडीच्या चाकांनासुद्धा एक कुलूप असते. ते चोरासाठी नसते, चिखलासाठी असते. त्याला डिफरन्शियल लॉक म्हणतात. पावसाळ्यात आपल्या वाडीच्या रस्त्यावर गाडी रुतते, तेव्हा या कुलपाचा फार उपयोग होतो. हे कुलूप किती प्रकारचे असते आणि त्यातले कोणते निवडावे, याची माहिती मी गॅरेजच्या मिस्त्रीकाकांना आणि गुरुजींना विचारून मिळवली आहे. ती आज तुम्हाला सांगतो.

वळणाचे कोडे

आधी एक कोडे. गाडी वळते तेव्हा तिची दोन्ही मागची चाके सारखीच पळतात का? तुम्ही म्हणाल, हो, एकाच गाडीची चाके ती. पण तसे नाही.

आम्ही शाळेच्या मैदानावर मोजून पाहिले. मध्ये खुंटी ठोकली. तिला ५ मीटर दोरी बांधून फक्कीने एक गोल काढला. मग साडेसहा मीटर दोरी बांधून बाहेरचा गोल काढला. दोन गोलांत दीड मीटर अंतर. गाडीच्या दोन चाकांमध्येही साधारण तेवढेच अंतर असते. मग टेपने दोन्ही गोल मोजले. आतला गोल सुमारे ३१ मीटर भरला आणि बाहेरचा सुमारे ४१ मीटर. म्हणजे गाडीने एक पूर्ण गोल चक्कर मारली, तर बाहेरच्या चाकाला जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त पळावे लागते. शाळेची कवायत करताना वळणावर बाहेरच्या मुलाला भरभर चालावे लागते आणि आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो, तसेच हे आहे.

बैलगाडीला ही अडचण येत नाही. तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. ओढायचे काम बैल करतात, चाकांनी नुसते गडगडायचे असते. मोटारीचे तसे नसते. तिथे बैल नाहीत, इंजिनच चाकांना फिरवते. दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवली, तर वळताना एक चाक रस्त्यावर फरफटत जाईल. टायर झिजेल आणि गाडी नीट वळणार नाही.

यावर उपाय म्हणून डिफरन्शियल आले. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकूर नावाच्या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. घड्याळातल्या बारीक दात्यांची चाके जुळवणाऱ्या माणसाने गाडीचे कोडे सोडवले, ही गंमत मला फार आवडली.

भोपळ्याच्या आत काय आहे?

ट्रकच्या मागे उभे राहून खाली वाकून बघा. (गाडी बंद असताना, आणि मोठ्या माणसाला विचारून.) मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा गोल फुगवटा दिसतो. त्या भोपळ्यात डिफरन्शियल असते.

इंजिनाकडून एक लांब दांडा येतो. त्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते. ते क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो. पिंजऱ्यात आणखी छोटी दातेरी चाके असतात. ती डाव्या आणि उजव्या चाकाच्या दांड्यांना ओढतात. सरळ रस्त्याला सगळे मिळून एकत्र फिरते. वळणावर पिंजऱ्यातली छोटी चाके स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे एक बाजू हळू आणि दुसरी बाजू जोरात फिरू शकते. किती सोय!

मग गाडी रुतते का?

या सोयीतच एक खोट आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एका चाकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त असे ते करत नाही. आता एक चाक निसरड्या चिखलात गेले, तर ते थोड्याशा जोरानेही गरगर फिरते. जेवढा थोडा जोर त्याला लागतो, तेवढाच थोडा जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. दुसरे चाक चांगल्या खडीवर असले तरी त्याचा काही उपयोग होत नाही. ते गप्प उभे राहते.

हे समजायला आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा.

साहित्य : दोऱ्याचे रिकामे रीळ, पेन्सिल, सुतळी, भरलेले दप्तर, रिकामा डबा.

कृती : रिळातून पेन्सिल घाला. रीळ मोकळे फिरले पाहिजे. सुतळी रिळावरून घ्या. तिचे एक टोक दप्तराला आणि दुसरे डब्याला बांधा. दोन्ही वस्तू जमिनीवर शेजारी ठेवा. आता पेन्सिलीची दोन्ही टोके धरून हळूहळू ओढा.

काय दिसले? डबा सुळकन पुढे आला. दप्तर जागचे हलले नाही. आणखी एक गंमत बघा. पेन्सिल एक हात पुढे आली तर डबा दोन हात पुढे आला. गाडीचेही असेच होते. एक चाक थांबले की दुसरे दुप्पट वेगाने फिरते.

आता रिळाजवळ सुतळीच्या दोन्ही पदरांना मिळून एक घट्ट गाठ मारा आणि पुन्हा ओढा. आता दप्तर आणि डबा दोघेही पुढे येतात.

इथे पेन्सिल म्हणजे इंजिनाची ओढ. रीळ म्हणजे पिंजऱ्यातले छोटे चाक. डबा म्हणजे चिखलातले चाक आणि दप्तर म्हणजे कोरड्या जागेवरचे चाक. आणि ती गाठ म्हणजेच कुलूप!

हिशेबाने सांगायचे तर असे. समजा गाडी बाहेर काढायला १०० किलोची ओढ लागते. चिखलातले चाक २० किलो ओढीलाच घसरते. कुलूप नसेल तर २० आणि २० मिळून ४०. गाडी निघत नाही. कुलूप लावले तर चिखलातले चाक २० आणि कोरड्यातले ८० किंवा त्याहून जास्त. गाडी निघाली.

पुष्कळ लोक म्हणतात, फोर-व्हील गाडी फसत नाही, कारण तिची चारही चाके ओढतात. ते पुरते खरे नाही. तिला पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल असतात. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक खड्ड्यात किंवा हवेत गेले, तर तीच दोन चाके फिरत बसतात.

कुलपाचे प्रकार

मिस्त्रीकाकांनी मला बोटांवर मोजून प्रकार सांगितले.

१) चकत्यांचे. याला कुलूप म्हणण्यापेक्षा अडसर म्हणावे. पिंजऱ्यात चकत्या दाबून बसवलेल्या असतात. एक चाक जास्त फिरू लागले की चकत्या एकमेकींवर घासून त्याला थोडे अडवतात. मऊपणे काम करते. पण चकत्या झिजतात आणि तेल वेगळे लागते. खोल चिखलात जोर कमी पडतो.

२) दात्यांचे. याचे एक प्रसिद्ध नाव टॉर्सन. अमेरिकेतील व्हर्नन ग्लीसमन यांना १९५८ साली त्याचे पेटंट मिळाले. यात चकत्या नाहीत. स्क्रूसारख्या तिरप्या दात्यांची चाके असतात. घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर मिळतो, त्याच्या काही पट जोर ते दुसऱ्या चाकाला देते. पण एक चाक पार हवेत लोंबकळत असेल, तर त्याला जोर शून्य. आणि शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच! हे पाढ्यांतले गणित गाडीलाही लागू पडते. तेव्हा थोडा ब्रेक दाबावा लागतो, म्हणजे शून्याचे काहीतरी होते आणि दुसरे चाक ओढू लागते.

३) आपोआप लागणारे. याच्या पोटात लहान वजने असतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला साधारण १०० फेरे जास्त फिरले की वजने बाहेर फेकली जातात आणि कुलूप 'खट्' करून लागते. चालकाला काही करावे लागत नाही. गाडी वेगात असेल तर ते लागत नाही. महिंद्रा थारच्या काही गाड्यांना मागच्या आसात २०१५ पासून असे कुलूप आले. याची उणीव अशी की चाक आधी थोडे घसरावे लागते, मगच ते जागे होते. चिकण मातीत तेवढ्यात चाक खोल जाऊ शकते.

४) नेहमी लागलेले. हे उलटे आहे. सरळ जाताना कुलूप कायम लागलेले असते, वळताना बाहेरच्या चाकापुरते सुटते. फार मजबूत. पण वळताना कटकट आवाज येतो आणि डांबरी सडकेवर गाडी मध्येच झटका देते. पावसात निसरड्या वळणावर मागची बाजू घसरू शकते. सवयीच्या चालकालाच ते जमते.

५) हाताने लावायचे. यात चालक ठरवतो. पाहिजे तेव्हा लावा, नको तेव्हा सोडा. सोडलेले असताना साध्या डिफरन्शियलसारखेच चालते. यातही तीन जाती. एक हवेची. छोटा पंप नळीतून हवा सोडतो आणि हवेच्या दाबाने आतली कडी सरकते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९७५ साली सुरू झालेली एआरबी कंपनी अशा हवेच्या कुलपासाठी प्रसिद्ध आहे. दुसरी विजेची. बटण दाबले की आतले विद्युतचुंबक काम करते. २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या फोर-व्हील गाडीत मागे विजेचे कुलूप आहे. तिसरी दांडीची. फोर्स गुरखा गाडीत पुढे आणि मागे अशी दोन कुलपे असतात आणि ती चालकाजवळच्या दांड्यांनी लावतात. या कंपनीची मुख्य कचेरी आपल्या पुण्याजवळ आकुर्डीला आहे.

६) वेल्डिंगचे. काही जण पिंजऱ्यातली छोटी चाके वेल्डिंग करून टाकतात. म्हणजे कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकल्यासारखे! स्वस्त पडते. पण मग सडकेवर टायर झिजतात, वळताना गाडी अडते, आसाचा दांडा तुटू शकतो. मिस्त्रीकाका म्हणाले, "असली गाडी रस्त्यावर आणूच नये. सोताच्या जिवाला आन् दुसऱ्याच्याबी जिवाला घोर."

नव्या काही गाड्यांत आणखी एक युक्ती असते. चाक घसरले की गाडीच आपण होऊन फक्त त्याच चाकाला ब्रेक लावते. मग जोर दुसऱ्या चाकाला जातो. पण खूप वेळ चिखलात झटापट केली तर ब्रेक तापतात.

कोणते निवडावे?

आता मुख्य प्रश्न. हा प्रश्न आमच्या घरी खराच आला आहे. माझे थोरले काका फोर-व्हील पिकअप चालवतात. आमच्या वाडीतल्या १४ घरांचे दूध तीच गाडी रोज पहाटे डेअरीला नेते. ४० लिटरचे ३ कॅन, म्हणजे १२० लिटर. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर डांबरी सडकेपर्यंत नेणारी गाडीही तीच. वाडीपासून सडकेपर्यंत २ किलोमीटर लाल मातीचा रस्ता आहे आणि मध्ये एक ओढा. पुढे ६ किलोमीटर डांबरी. गेल्या श्रावणात ओढ्याच्या चढावर गाडी तीन तास रुतली आणि सगळे दूध नासले. १४ घरांचा एका दिवसाचा पगार बुडाला. आजी त्या दिवशी काही बोलली नाही, नुसती कॅन धूत बसली.

म्हणून काकांनी दिवाळीपासून पैसे साठवले. पण पैसे एकाच कुलपापुरते आहेत. पुढे की मागे, आणि कोणत्या जातीचे, हे ठरवायचे होते. मिस्त्रीकाकांनी काकांना चार प्रश्न विचारले. हेच प्रश्न कोणीही विचारावेत.

पहिला प्रश्न : टायर कसे आहेत? टायर गुळगुळीत असतील तर आधी टायर घ्यावेत. दोन्ही चाके निसरडी असतील तर कुलूप काय करणार? काकांचे टायर चांगले आहेत.

दुसरा प्रश्न : चिखल किती आणि सडक किती? काकांची २ किलोमीटर माती आणि ६ किलोमीटर सडक. म्हणजे सडकच जास्त. म्हणून नेहमी लागलेले कुलूप नको. वेल्डिंगचे तर नाहीच नाही.

तिसरा प्रश्न : गाडी कोण कोण चालवते? कधी काका, कधी माझा चुलतभाऊ. तो नवीन शिकला आहे. मिस्त्रीकाका म्हणाले की विसरभोळ्या माणसाला आपोआप लागणारे बरे, कारण ते वेगात लागत नाही. पण आमच्या ओढ्याच्या चढावर चाक घसरायची वाट बघून चालत नाही. तिथे चढाच्या आधीच कुलूप लागलेले पाहिजे. म्हणून हाताने लावायचे कुलूप बरे. त्याचा लाल दिवा समोर असतो, तो चुलतभावाला दिसेल.

चौथा प्रश्न : आपल्या आसात ते बसते का? प्रत्येक गाडीचा आस वेगळा असतो. आसाच्या दांड्याच्या टोकाला किती दाते आहेत ते मोजावे लागते. क्राऊन आणि पिनियन यांचे प्रमाणही बघावे लागते. एक दाताही कमी-जास्त झाला तर कुलूप बसत नाही आणि पैसे वाया जातात. गाडीत बदल करण्याआधी परिवहन कार्यालयातही विचारून घ्यावे.

मग पुढे की मागे? मी विचारले, "काका, तोंड पुढं असतंय, मग पुढंच बसवूया की?" काका हसले. मिस्त्रीकाका म्हणाले, "आरं पोरा, चढाला गाडीचा भार कुठं जातो? मागं. कॅन कुठं ठेवतोस? मागं. मग वढायचं काम मागची चाकंच करणार." शिवाय पुढे कुलूप लावले की स्टिअरिंग जड होते. म्हणून एकच घ्यायचे तर मागे घ्यावे, असे ठरले.

हवेचे की विजेचे, यावर दोघे बराच वेळ बोलले. हवेच्याला पंप आणि नळी लागते, नळी फुटली तर हवा गळते. विजेच्याला पंप नको, पण वायर ओढ्याच्या पाण्यापासून सांभाळावी लागते. शेवटी काकांच्या गाडीच्या आसाला जे बरोबर बसते ते विजेचे निघाले, म्हणून तेच ठरले. वायर वरून, चौकटीला बांधून न्यायची. पावसाळ्याआधी ते बसवायचे आहे.

कुलूप वापरण्याचे नियम

१) चिखल समोर दिसला की थांबून किंवा अगदी हळू असताना कुलूप लावावे. चाक गरगर फिरत असताना लावू नये. आतले दाते तुटतात.
२) कुलूप लावून शक्यतो सरळ जावे. जोरात वळवू नये.
३) डांबरी सडक आली की लगेच सोडावे.
४) आडव्या उतारावर जपून. दोन्ही चाके एकदम घसरली तर गाडी बाजूला सरकते.
५) कुलूप आहे म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नये. पाण्याला कुलूप लागत नाही.
६) गाडीचे पोट चिखलावर टेकले असेल तर कुलपाचा उपयोग नाही. आधी फावड्याने माती काढावी आणि चाकाखाली दगड किंवा फळी घालावी. म्हणून फावडे, फळी आणि दोर गाडीत असावेच.

ट्रॅक्टरवाल्या पालकांसाठी

आपल्या गावातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांना हे कुलूप आधीच आहे. चालकाच्या पायाजवळ एक छोटे पेडल असते, तेच ते. नांगरताना एक चाक घसरू लागले तर आधी चाक थांबवावे, मग पेडल दाबावे. ट्रॅक्टर निघाला की पाय काढावा आणि वळायच्या आधी कुलूप सुटल्याची खात्री करावी. ट्रॅक्टर फारच रुतला तर मागच्या चाकांना लाकूड बांधून काढायला जाऊ नये. चाके अडली की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते आणि तो चालकावर मागे उलटू शकतो. त्यापेक्षा दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. पालकांनो, ही एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा.

सांगा पाहू!

१) रेल्वेच्या डब्याची दोन्ही चाके आसावर पक्की बसवलेली असतात. डिफरन्शियल नसते. तरी ती वळणावर कशी वळते? (चाकाचा आकार नीट आठवा. तो एका बाजूला निमुळता असतो.)
२) गाडीची दोन्ही मागची चाके तेलावर उभी आहेत. मागचे कुलूप लावले तर गाडी निघेल का?
३) रिळाच्या प्रयोगात दोन्हीकडे सारखीच भरलेली दप्तरे बांधली तर काय होईल?

उत्तरे वहीत लिहून शनिवारी मला दाखवा. रीळ आणि सुतळी वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. प्रयोग झाला की परत तिथेच ठेवावी.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी